अंतर, प्रवासकाळ आणि विकास : भिलाई ते मुंबई



दोन शहरांमधील अंतर भूगोल ठरवतो. प्रवासकाळ मात्र पायाभूत सुविधा ठरवतात. भिलाई आणि मुंबई यांच्या उदाहरणावरून हा भेद स्पष्ट होतो.

सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद प्रकल्पातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. दल्ली-राजहरा येथील लोहखनिज आणि मुंबई-हावडा लोहमार्ग या प्रकल्पास अनुकूल ठरले. या लोहमार्गाने मुंबई सुमारे १,१०० किलोमीटर दूर आहे. जलद गाडीला साधारणतः १७ तास लागतात. घरापासून मुक्कामापर्यंत १९ तास धरावे लागतात.

भिलाईहून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. त्यासाठी सुमारे ४५ किलोमीटरवरील रायपूर विमानतळ गाठावा लागतो. तेथून मुंबईचे हवाई अंतर सुमारे ९५० किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर ७१ मिनिटांत कापता येईल. परंतु धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण आणि प्रतीक्षा यांमुळे वेळापत्रकात सुमारे पावणेदोन तास धरलेले असतात. त्यात विमानतळापर्यंतचा सव्वा तास, तपासणीचे दोन तास आणि मुंबईतील दीड तास मिळवला, की एकूण काळ साडेसहा तासांवर जातो.

यातून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. विमानाचा वेग १० टक्क्यांनी वाढला, तर जेमतेम ६-७ मिनिटे वाचतील. विमानतळाकडे जाणारा रस्ता सुधारला अथवा तपासणी सुटसुटीत झाली, तर अर्धा तास वाचू शकतो. म्हणजेच हवाई प्रवासाची खरी अडचण बहुधा जमिनीवरच असते.

वाचलेल्या वेळेची किंमतही विचारात घ्यावी लागते. समजा, विमानाचे भाडे रेल्वेपेक्षा ३,००० रुपयांनी अधिक आहे आणि १२ तास वाचतात. तर एक तास वाचवण्याचा खर्च २५० रुपये होतो. ज्याच्या तासाचे मोल याहून कमी, त्याच्यासाठी रेल्वेच किफायतशीर. शिवाय रेल्वेतील रात्र झोपेत जात असल्याने तो सर्व काळ वाया गेला असे म्हणता येत नाही. वेगाचा लाभ उत्पन्नानुसार विषम वाटला जातो, तो असा.

ही विषमता कमी करण्यासाठी २०१६ मध्ये प्रादेशिक हवाई संपर्काची ‘उडान’ योजना आखण्यात आली. १४ जून २०१८ रोजी भिलाई येथील कार्यक्रमातच पंतप्रधानांनी जगदलपूर-रायपूर विमानसेवेचा प्रारंभ केला. रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटरचा हा प्रवास कित्येक तासांचा. विमानाने तो तासाभराच्या आत आला. तथापि ही सेवा पुढे खंडित झाली आणि २०२० मध्ये पुन्हा सुरू करावी लागली. उद्घाटनाइतकेच सातत्यही महत्त्वाचे असते, हा त्यातील धडा होय.

अंतर कोणालाही कमी करता येत नाही. प्रवासकाळ कमी करता येतो. तो कोणासाठी आणि कोणत्या खर्चात कमी होतो, हाच नियोजनापुढील खरा प्रश्न आहे.