मोसे खोऱ्याची जमीन आणि पक्षांचें भांडण
(पौड येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



लवासाचें नांव निघालें कीं पुढारी एकमेकांच्या अंगावर धांवतात. एक म्हणतो लूट, दुसरा म्हणतो विकास. आम्ही कोणाची वकिली करावयास उभे नाहीं. दप्तर काय बोलतें तेवढें सांगतों.

डोंगरांत थंड हवेचीं शहरें बांधण्याचा नियम झाला १९९६ सालीं. राज्य तेव्हां शिवसेना-भाजपचें. मोसे खोऱ्यांतील अठरा गांवें त्या नियमांत घातलीं २००१ सालीं. राज्य तेव्हां काँग्रेस-राष्ट्रवादीचें. म्हणजे दोर एकानें वळला, फांस दुसऱ्यानें टाकला! २००२ मध्यें कृष्णा खोरें महामंडळानें वरसगांव धरणाकांठची १४१ हेक्टर जमीन कंपनीस भाड्यानें दिली. रयतेकडून घेतली धरणाच्या नांवानें, गेली शहराच्या कामीं. पाटबंधारे मंत्री होते अजित पवार. त्यांची चुलतबहीण सुप्रिया सुळे व मेहुणे यांचे कंपनींत भाग होते. ते त्यांनीं पुढें विकले. गैर कांहीं झालें नाहीं, असें पवार मंडळींचें म्हणणें आहे.

शेतकरी नसलेल्यानें शेतजमीन घेऊं नये हा आपल्या कुळकायद्याचा दंडक. तुमच्या गांवच्या सुतारास अर्धा एकर घ्यावयाचा तर किती हेलपाटे पडतात! पण २००५ सालीं अशा शहरांसाठीं कायदाच बदलला, आणि तोहि मागील तारखेपासून. २००८ सालीं तर बांधकामास परवानगी देण्याचा अधिकार खुद्द कंपनीसच मिळाला. बांधणार तीच, मंजुरी देणार तीच.

२०१० च्या नोव्हेंबरांत दिल्लीच्या पर्यावरण खात्यानें काम थांबविलें. २०१७ सालीं फडणवीस सरकारनें परवानगीचा अधिकार काढून घेतला. बरें केलें. पण ज्यांच्यावर भाजपनें इतकीं वर्षें तोफ डागली, तेच अजित पवार २०२३ च्या जुलैंत त्याच पक्षाच्या सरकारांत उपमुख्यमंत्री झाले. भांडणाचें काय झालें, हें मुळशीकरांस कोणी सांगितलें नाहीं.

२०२२ च्या फेब्रुवारींत मुंबई हायकोर्टानें निकाल दिला. मंत्र्यांनीं आपला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध उघड केला नाहीं, ही कर्तव्यांतील कसूर, असें कोर्टानें म्हटलें. आणि तक्रार फार उशिरा आली म्हणून अर्ज काढून टाकला. उशीर कोणाचा? ज्या कातकऱ्याला, धनगराला सातबाऱ्यावरची ओळ दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, त्याला गॅझेटांतला नियम कोण वाचून दाखविणार होता?

हें मुळशीस नवें नाहीं. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीस मावळे सत्याग्रहास बसले. सेनापति बापट त्यापायीं तुरुंगांत गेले. पण पुण्याच्या ज्या सावकारांच्या नांवें जमिनी चढलेल्या होत्या, त्यांचें लक्ष मोबदल्याकडे लागलें. कसणारा पाण्यांत गेला.

लवासा कंपनीचें २०१८ सालीं दिवाळें निघालें. बँकांचे दावे लागले, घरें घेणारांचे लागले. जमीन देणारा त्या रांगेंत कोठें उभा आहे?

तेव्हां मत मागावयास कोणीहि येवो, झेंड्याचा रंग पाहूं नका. त्याला ग्रामसभेंत उभा करून विचारा: धरणासाठीं घेतलेली जी जमीन पाण्याखालीं गेली नाहीं, ती मूळ खातेदारास परत देण्याचा ठराव मांडाल काय? आणि घरच्या कोणाचे कंपनींत भाग असतील, तर सही करण्यापूर्वीं सांगाल काय?