लहान गांवांतील लहान महाविद्यालय



महोत्सवाच्या दिवशीं झालेल्या कार्याचें स्मरण करावें हें उचितच होय. परंतु पुढील पिढीच्या हातीं आपण काय ठेवणार, याचाही विचार त्याच दिवशीं व्हावा असें आम्हांस वाटतें. म्हणून ज्या प्रश्नापुढें आज अनेक कुटुंबें उभीं आहेत, तोच आम्ही आपणांपुढें मांडतों. मुलगी बारावी उत्तीर्ण झाली. पुण्यास पाठविण्याचें बळ नाहीं. जवळच तालुक्याच्या गांवीं खासगी संस्थेनें चालविलेलें लहानसें कला महाविद्यालय आहे. तेथें तिला घालावें कीं न घालावें? शेजारी म्हणतात, "कला शाखेनें पोट भरतें काय?" बाप निरुत्तर होतो, आणि पुढील हंगामांत मुलीचें लग्न ठरतें.

उदाहरणादाखल आम्ही मंगळवेढें घेतों. सोलापूर जिल्ह्याचा हा तालुका पर्जन्यछायेंतला. परतीच्या पावसाची ओल काळ्या जमिनींत मुरते, आणि तेवढ्यावर रब्बीची ज्वारी पिकते. मंगळवेढ्याच्या या ज्वारीस २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु ज्या जमिनीनें ज्वारीस नांव दिलें, तिच्याच दक्षिण भागांतील गांवें वर्षानुवर्षें पाण्यासाठीं अर्जविनंत्या करीत आलीं. अशा मुलखांत शहरांतील खोलीचें भाडें आणि खाणावळीचा खर्च म्हणजे एखाद्या वर्षाचें सारें पीक होय.

उच्च शिक्षण या मुलखाजवळ फार सावकाश आलें. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्यें निघालें, पुण्याचें १९४९ मध्यें, कोल्हापूरचें १९६२ मध्यें, आणि सोलापूरचें २००४ मध्यें. विद्यापीठ जिल्ह्यापर्यंत पोहोंचण्यास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. जिल्ह्यापासून तालुक्यापर्यंतचें अंतर लहान महाविद्यालयांनीं तोडलें. मंगळवेढ्यास संत दामाजींच्या नांवाचें महाविद्यालय आहे. त्या संस्थेचें गुणदोषविवेचन करण्याचा आमचा हेतु नाहीं; अशा सर्वच लहान संस्थांविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे.

कला शाखेचा विद्यार्थी शिकतो तरी काय? मंगळवेढ्याकडेच पाहा. बाराव्या शतकांत बसवेश्वर येथें राहिले. गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत कोसळून १३३८ मध्यें चोखोबा येथेंच गेले. कान्होपात्रा येथली. दुष्काळांत बादशाही कोठार रयतेस खुलें करणारे दामाजीपंत येथलेच, असें परंपरा सांगते. कानडी वचन आणि मराठी अभंग एकाच मातींत नांदले. आतां विचार करा: चोखोबांना देवळाबाहेर कोणीं ठेविलें, दुष्काळांत धान्य कोणाचें, हे प्रश्न इतिहासाचे आहेत, अर्थशास्त्राचे आहेत आणि धर्मबुद्धीचेही आहेत. ज्या मुलास हे प्रश्न विचारतां येतात, तो पुढें ग्रामसभेंत अंदाजपत्रक मागतो, सोसायटीचा ताळेबंद वाचतो, सातबाऱ्यावरील चुकलेली नोंद ओळखतो. हें ज्ञान थेट पगार देत नाहीं. परंतु तें नसलें म्हणजे पगारही लुबाडला जातो.

हा मार्ग आमच्या पूर्वजांनीं चोखाळला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ मध्यें काले या गांवीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९४७ मध्यें सातारा येथें महाविद्यालय उघडलें. अंगमेहनत करून शिकणाऱ्या मुलास तेथें मान होता. त्याच १९४७ मध्यें डॉ. भा. पां. हिवाळे यांनीं अहमदनगर महाविद्यालय स्थापिलें. जे. पी. नाईक यांनीं तर कोल्हापूर जिल्ह्यांतील गारगोटीस मौनी विद्यापीठ उभारलें. हेच नाईक पुढें कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. गारगोटीस मिळालेला अनुभव असा सबंध देशाच्या शिक्षणविचारास उपयोगी पडला. अमेरिकेंत केंटकी प्रांतांतील बेरिया हें १८५५ मध्यें सुरू झालेलें लहान महाविद्यालय आजही शिकवणीची फी घेत नाहीं, आणि प्रत्येक विद्यार्थ्यास काम करावयास लावतें. लहानपण आणि दारिद्र्य हे विद्येचे शत्रु नव्हेत, एवढें यांवरून सिद्ध होतें.

तथापि लहान म्हणजे आपोआप चांगलें, असें समजूं नये. कित्येक ठिकाणीं प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, आणि तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण शिक्षक आपल्याच उपजीविकेच्या चिंतेंत असतो. कोठें ग्रंथालयास कुलूप, कोठें हजेरीच्या वहींत भरलेला वर्ग आणि प्रत्यक्षांत ओस बांकें. खासगी संस्था म्हणजे विश्वस्त निधि. तिला कोणी घरची शेती मानूं लागला कीं पदवी उरते आणि विद्या जाते. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें २०४० पर्यंत प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेनें बहुशाखीय होऊन तीन हजार किंवा अधिक विद्यार्थी असण्याचें ध्येय ठेवावें, असें सांगितलें आहे. अनेक शाखा एकत्र याव्या हें आम्हांस मान्य आहे. परंतु एवढी संख्या खेड्यापाड्यांच्या तालुक्यांत कोठून आणावी? लहान महाविद्यालय मोठ्यांत विलीन झालें, आणि मोठें दूर असलें, तर प्रथम कोणाचें शिक्षण सुटेल? आमच्या मतें मुलींचें. ग्रामीण मुलींस एस.टी.चा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना बारावीपर्यंतच्या विद्यार्थिनींसाठींच आखली गेली. २०२३ पासून स्त्रियांस तिकीट निम्में झालें, ही सोय खरी. पण सायंकाळची शेवटची गाडी चुकण्याची धास्ती निम्मी झाली नाहीं. महाविद्यालय जितकें जवळ, तितका मुलीच्या शिक्षणास घरांतून होकार सोपा.

म्हणून आमचें सांगणें असें. लहान महाविद्यालयास नांवें ठेवून मुलांस घरीं बसवूं नका, आणि डोळे मिटून तेथें पाठवूंही नका. आधीं स्वतः जाऊन पाहा. कायम शिक्षक किती, तें विचारा. ग्रंथालय किती तास उघडें असतें, आणि पुस्तक मुलाच्या हातीं मिळतें कीं कपाटांतच राहतें, तें पाहा. शिक्षक विद्यार्थ्यांस नांवानें ओळखतात काय? मोठ्या शहरांत विकत न मिळणारी हीच एक गोष्ट लहान संस्था देऊं शकते. तीही नसेल तर तिचें लहानपण व्यर्थ होय.

प्रश्न विचारण्याइतकेंच देणेंही आपलें कर्तव्य आहे. शिकून शहरांत गेलेल्यांनीं वर्षांतून चार दिवस परत येऊन त्या मुलांस इंग्रजी किंवा हिशेब शिकवावा. लग्नसमारंभांतील एका जेवणावळीचा खर्च वांचवून दहा मुलींच्या प्रवासाचा भार उचलतां येईल. सेवानिवृत्त शिक्षकांनीं आपलीं पुस्तकें रद्दींत न घालतां ग्रंथालयास द्यावीं, आणि तीं वाचलीं जातात कीं नाहीं याची चौकशीही करावी. ज्यांचीं मुलें तेथें शिकत नाहींत, त्यांनींही संस्थेच्या सभेस जाऊन हिशेब मागावा. कारण गांवाच्या नांवावर चालणारी संस्था साऱ्या गांवाची असते.

दामाजीपंतांच्या कथेंत कोठार आधींच भरलेलें होतें; धैर्य लागलें तें दार उघडण्यास. आमच्या काळीं आधीं कोठार भरावयाचें आहे, आणि मग दारही उघडें ठेवावयाचें आहे. येत्या जून महिन्यांत आपल्या ओळखीची एक तरी मुलगी केवळ अंतरामुळें घरीं राहूं नये, एवढा निश्चय आपण सर्वांनीं करावा, अशी विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.