परक्या नाटकातली आपली बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणते नाटक बसवायचे, यावर आपल्या मंडळात दरवर्षी चांगली खडाजंगी होते. यंदा मी एक पोर्तुगीज नाटक सुचवले, तेव्हा दोन आक्षेप निघाले. पहिला, पोर्तुगीजांचे आणि आपले काय? दुसरा, असली परकी नाटके मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींनी करावीत. सातारा-सांगलीच्या बायकांनी हा उद्योग कशाला करायचा? चिटणीसबाई म्हणाल्या, "याचे उत्तर तुम्ही सभेतच द्या." म्हणून मी उभी आहे. माझे माहेर सांगलीचे आणि सासर साताऱ्याचे, तेव्हा दोन्ही घरांच्या वतीने बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी मानते.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आधी देते, कारण ते सोपे आहे. परके नाटक मराठीत आणण्याचा उद्योग आपल्याच मातीतल्या माणसांनी केला. गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूचे. शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' त्यांनी 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले, ते १८८३ मध्ये छापून निघाले. ते रंगभूमीवर गाजवले शाहूनगरवासी नाटक मंडळीने. शाहूनगर म्हणजे आपला साताराच. गणपतराव जोशी यांचा चंद्रसेन पाहायला माणसे गाड्या जुंपून येत, असे जुन्या माणसांच्या तोंडून आपण ऐकत आलो. त्याच मंडळीच्या 'त्राटिका' नाटकात त्राटिकेची भूमिका बळवंतराव जोग करीत. बाईचे काम पुरुषाने करायचा तो काळ होता.

आता सांगलीकडे वळू. विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केले, ते १८४३ मध्ये. तो ५ नोव्हेंबर आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. पुढे सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' केले, ते १८९० मध्ये. आपल्याला तोंडपाठ असलेले 'संशयकल्लोळ' तरी कोठले? मोलिएर या फ्रेंच नाटककाराने १६६० मध्ये एक प्रहसन लिहिले. आर्थर मर्फीने १७६१ मध्ये त्या धर्तीवर इंग्रजी नाटक केले. त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव' लिहिले, आणि १९१६ मध्ये ते पदांसह 'संशयकल्लोळ' होऊन आले. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या भांडणात आज कोणाला पॅरिसचा वास येतो? सुनेने सासर आपले करावे तसे त्या नाटकाने मराठी घर आपले केले.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. पोर्तुगीज गोव्यात १५१० मध्ये आले आणि १९६१ पर्यंत राहिले. इतक्या वर्षांचा शेजार, तरी आपल्या जुन्या नाटककारांकडे युरोपचे वाङ्मय आले ते बहुतेक इंग्रजीच्याच दाराने. मग इंग्रजांच्या घरी पोर्तुगीज वाङ्मय कसे गेले, हे पाहिले पाहिजे. आणि तेथे, भगिनींनो, आपल्याला बायकाच भेटतात.

पोर्तुगालच्या इतिहासात इनेश द कास्त्रो नावाची स्त्री होऊन गेली. युवराज पेद्रूच्या पत्नीची ती सखी. युवराजाचे तिच्यावर मन जडले. पत्नी वारल्यावरही तो तिला सोडीना, तेव्हा त्याच्या बापाने, राजा अफोन्सूने, १३५५ मध्ये तिचा वध करविला. दोन वर्षांनी पेद्रू गादीवर बसला. त्याने तिचे प्रेत सिंहासनावर बसवून तिला राणी केले, अशी दंतकथा आहे. ही कथा एका फ्रेंच लेखिकेने कादंबरीत घातली. १६८८ मध्ये ॲफ्रा बेन या इंग्रज लेखिकेने तिचे भाषांतर केले. त्यावरून कॅथरीन ट्रॉटर या तरुण मुलीने शोकान्त नाटक रचले आणि १६९५-९६ च्या सुमारास ते लंडनच्या रंगभूमीवर आले. एका मारल्या गेलेल्या बाईची हकिगत तीन बायकांनी हातोहात पुढे पोचवली. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या अशाच एकीच्या तोंडून दुसरीकडे जात आल्या.

या ॲफ्रा बेनचे आणि सांगलीचेही नाते आहे. तिच्या एका कथेवरून टॉमस सदर्नने १६९४ मध्ये नाटक लिहिले. गॅरिकने १७५७ मध्ये ते सुधारून 'इझाबेला' या नावाने पुन्हा उभे केले. नवरा मेला असे समजून एक बाई दुसरे लग्न करते आणि पहिला नवरा जिवंत परत येतो, असे त्याचे कथानक. याच नाटकाच्या आधाराने देवलांनी १८८६ मध्ये आपले पहिले नाटक लिहिले, ते 'दुर्गा'. 'शारदा' लिहिणाऱ्या देवलांचा पहिला विषयही बाईच्या लग्नाचाच होता, हे विसरू नये.

आणि आता माझे पोर्तुगीज नाटक. आल्मैदा गारेत यांचे 'फ्रेई लुइश द सौझा'. तीन अंकी आणि गद्य. लिहिले गेले १८४३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी सांगलीला 'सीतास्वयंवर' झाले त्याच वर्षी. एडगर प्रेस्टेज यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १९०९ मध्ये प्रसिद्ध केले.

कथा सांगते. १५७८ मध्ये पोर्तुगालचा तरुण राजा सेबाश्तियांव आफ्रिकेत अल्कासर किबीरच्या रणात पडला. त्याच्याबरोबर देशातले पुष्कळ मानकरी गेले. घरोघर रडारड झाली. दोन वर्षांत पोर्तुगाल स्पेनच्या ताब्यात गेला आणि साठ वर्षे तेथेच राहिला. राजाचे प्रेत कोणी पाहिले, कोणी नाही म्हणाले. तो परत येईल अशी लोकांनी आशा धरली आणि चार तोतये उभे राहिले. त्यातला एक तर खाद्यपदार्थ करून विकणारा होता.

नाटकातल्या मादालेनाचा नवरा त्याच रणात नाहीसा झालेला. तिने सात वर्षे त्याचा शोध केला, मग मानुएल द सौझा या सज्जन माणसाशी लग्न केले. त्यांची मुलगी मारिया तेरा वर्षांची, हुशार आणि क्षयाने झिजणारी. घरातला म्हातारा नोकर तेल्मू मात्र जुना धनी गेला हे मानायलाच तयार नाही. रणाला एकवीस वर्षे झाल्यावर एक यात्रेकरू दाराशी येतो. आपण कोण हे तो सांगत नाही. काठीने फक्त भिंतीवरची तसबीर दाखवतो. तसबीर पहिल्या नवऱ्याची. त्या क्षणी घर मोडते. नवराबायको दोघेही मठात जायला निघतात आणि आपण आता कोणाची, या लाजेने ती मुलगी देवळातच प्राण सोडते.

आता सांगा, पोर्तुगीजांचे आणि आपले काय? अल्कासर किबीर म्हटले की मला १७६१ ची संक्रांत आठवते. पानिपतावरून पार्वतीबाई परत आल्या. सदाशिवराव भाऊ आले नाहीत. भाऊ गेले हे त्यांनी मानले नाही आणि कुंकू पुसले नाही. भाऊंचा तोतया निघाला, त्याने कोकणात बंड केले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. साताऱ्यास वकिली केलेल्या न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या. भाऊंची उत्तरक्रिया झाली तीही तेव्हाच. मादालेनाने वाट पाहणे थांबवले, पार्वतीबाईंनी थांबवले नाही. दोघींपैकी सुखी कोण झाली? कोणीच नाही. रणात पुरुष एकदा मरतो, घरात बाईला त्याचा जाब जन्मभर द्यावा लागतो.

कोणी म्हणेल, एवढे जुळते आहे तर देवलांसारखे रूपांतरच करा. मादालेनाची मैनाबाई करून तिला पेशवाईत बसवा. मी त्याचा विचार करून पाहिला. ते जमत नाही. पेशवाईतल्या ब्राह्मण घरात मैनाबाईला दुसरे लग्न करताच आले नसते. विधवाविवाहाचा कायदा झाला तो १८५६ मध्ये. पाट लावण्याची चाल असलेल्या घरात तिला बसवावे, तर काडीमोडाचीही वाट तेथे निघते. मादालेनाच्या धर्मात पहिला नवरा जिवंत असेतो दुसरे लग्न लग्नच नव्हे, म्हणून मुलीची जागाच नाहीशी होते. हा खिळा काढला की नाटक कोसळते. 'संशयकल्लोळ'मधला संशय कोणत्याही घरात शिरतो, पण ही वेदना त्या घराच्या नियमांतून निघते. म्हणून नावे, गाव, मठ तसेच ठेवावे आणि भाषा मात्र आपल्या माजघरातली असावी, असे माझे मत आहे. पहिल्या अंकाचे मराठी मी त्याच धोरणाने केले आहे.

शेवटी व्यवहाराचे बोलते. मोठ्या भूमिका सहा-सात. देखावे दिवाणखान्याचे आणि देवळाचे. पडदे आपल्याकडचे चालतील. मादालेना व्हायला पाच जणी पुढे येतील हे मला ठाऊक आहे. मला तेल्मू हवा आहे. मालकाच्या आठवणीशी इमान राखता राखता ज्या मुलीला लहानाची मोठी केली तिचाच घात आपल्या हातून होतो, हे कळून तुटणारा म्हातारा. जोगांनी त्राटिका केली, तर आपल्यातल्या एखादीने तेल्मू का करू नये?

आधी तीन शुक्रवारी तीन अंकांचे वाचन करू. वाचून पटले नाही तर नाटक माझ्या पिशवीत परत जाईल. पण परकी म्हणून मादालेनाला न ऐकता दारातून परत पाठवू नका. आगरकर-देवलांच्या गावांना ते शोभणार नाही.