किल्ल्यांचा जुडगा

या मंचावर बहुतेक जण यश सांगतात. मी आज माझी एक चूक सांगणार आहे.

मी आमच्या शहरातल्या एका जुन्या चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी होतो. मंडळी शंभर वर्षांहून जुनी. खजिनदार एकच, सलग २२ वर्षं. सगळे त्यांना काका म्हणायचे. संडे स्कूलमध्ये मला त्यांनीच शिकवलं होतं. मी मात्र नोकरीत कंपन्यांना 'बदल कसा घडवावा' याचं ट्रेनिंग देणारा माणूस! वार्षिक सभेत प्रोजेक्टर लावला आणि ठराव मांडला: पदाची मुदत तीन वर्षं, जास्तीत जास्त दोनदा. मी कुणाचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या.

ठराव मंजूर झाला. काकांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले. पुढच्या रविवारी त्यांची जागा रिकामी. महिनाभरात आणखी आठ घरं उपासनेला येईनाशी झाली. मी ठराव जिंकलो होतो आणि माणसं हरलो होतो.

त्या दिवसांत मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा इतिहास वाचायला घेतला. एकीची बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली. सहा मंडळ्या एक झाल्या त्या २९ नोव्हेंबर १९७० ला, आपल्या नागपुरात. मध्ये ४१ वर्षं! अमेरिकन मराठी मिशनमधून उभ्या राहिलेल्या नगरकडच्या मंडळ्याही युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामार्फत त्यात आल्या.

अडलं कुठे होतं? अँग्लिकनांना बिशप हवा, बॅप्टिस्टांकडे बिशपच नाही. कुणी बाळाला बाप्तिस्मा देणार, कुणी फक्त विश्वास कबूल करणाऱ्या मोठ्या माणसाला. बहुमतानं एकाला हरवणं सोपं होतं. त्यांनी बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती ठेवल्या. बिशपपद स्वीकारलं, पण कारभार एकट्या बिशपच्या हाती न ठेवता पाळक आणि सामान्य सभासद यांनाही त्यात स्थान दिलं. तरीही सगळे आले नाहीत. बोलण्यांत असलेली मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली.

पुस्तक मिटलं आणि मनात आलं, हे लोक ४१ वर्षं बोलले. मी काकांशी ४१ मिनिटं तरी बोललो होतो का?

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा मागवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "खुर्ची नको रे मला. पण त्या लोखंडी कपाटात आपल्या जमिनीचे मोडीतले कागद आहेत. मी गेल्यावर ते कोण वाचणार, सांग?"

मागच्या कंपाउंडच्या हद्दीवरून वाद चालू होता हे मला माहीत होतं. त्याचा पुरावा काकांच्या डोळ्यांत आणि डोक्यात आहे, हे माझ्या एकाही स्लाइडवर नव्हतं.

"काका, चुकलं माझं," मी म्हणालो. "ठराव नाही चुकला," ते म्हणाले, "रीत चुकली."

ठराव आम्ही मागे घेतला नाही. त्यात एक ओळ घातली: जुन्या खजिनदारानं नव्याबरोबर एक वर्ष बसायचं. काकांनी दोघांना तयार केलं. त्यातल्या एक बँकेत काम करणाऱ्या ताई. मोडी कागदांचं देवनागरीत लिप्यंतर झालं, हिशेब कॉम्प्युटरवर गेले. आठपैकी सहा घरं परत आली. दोन आली नाहीत, आणि ती माझ्या खात्यावर आहेत.

तुमची संस्था चर्च असो, वाचनालय असो किंवा परराज्यातलं महाराष्ट्र मंडळ, बदल जरूर करा. पण आधी, ज्याच्या हातून किल्ल्या घ्यायच्या आहेत त्याच्या घरी जा. त्या किल्ल्यांनी काय काय उघडतं, ते त्यालाच विचारा. आणि हे सभेच्या आधी करा. मी नंतर केलं.