मोडी आणि बाळबोध
(सुवर्णमहोत्सवी कुटुंबमेळाव्यातील भाषण)



झाशीत पतिपत्नींच्या स्नेहाविषयी बोलावयाचे, तर आरंभ लक्ष्मीतलावापाशी करणे आम्हांस उचित वाटते. तेथे महाराज गंगाधररावांची छत्री आहे. ती राणी लक्ष्मीबाईंनी बांधविली. १८४२ साली विवाहबद्ध झालेले हे दांपत्य आवडीनिवडींत भिन्न होते. महाराजांना नाटकांचा व ग्रंथांचा नाद, तर राणीसाहेबांना अश्वारोहण आणि शस्त्रे प्रिय. १८५१ साली झालेला पुत्र काही महिन्यांतच गेला. २० नोव्हेंबर १८५३ रोजी मृत्युशय्येवरील महाराजांनी दत्तकविधान केले आणि राणींच्या हयातीत राज्यकारभार त्यांच्याच हाती राहावा, अशी इंग्रज सरकारास लेखी विनंती केली. दुसऱ्याच दिवशी ते निवर्तले. सरकारने ती विनंती मानली नाही. तरी आमच्या मते पतीचा स्नेह त्या विश्वासात दिसतो आणि पत्नीचा या छत्रीत.

आता आमच्या घरचा दाखला देतो. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, झाशीच्या ऐन उन्हाळ्यात, आमच्या सौभाग्यवतींना विषमज्वर झाला. आम्ही डॉक्टर आणले, औषधांसाठी धावलो, मोसंबी शोधली, रात्र रात्र पाण्याच्या घड्या बदलल्या. बऱ्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, सगळे केलेत; पण 'घाबरू नकोस, मी आहे' एवढे एकदाही म्हणाला नाहीत." आम्हांस राग आला. धावपळीतून आम्ही दुसरे काय सांगत होतो?

रागाचा भर ओसरल्यावर उमगले. मराठी एकच, पण ती मोडीत लिहीत आणि बाळबोधीतही. ज्यास मोडी येत नाही, त्याच्यापुढचा कागद काही कोरा नसतो! आम्ही मोडीत लिहीत होतो. त्या बाळबोध अक्षराची वाट पाहत होत्या.

गावी हे निभावून जाते. पतीचा शब्द उणा पडला, तर सासूबाई, जावा, शेजारच्या काकू तो भरून काढतात. परमुलखात तसे कोणी नसते. सारी माया एकाच माणसाकडून यावयाची. म्हणून न वाचलेले अक्षर येथे अधिक सलते, आणि न बोललेला शब्दही.

स्वभाव बदलावा, असे आमचे म्हणणे नाही. एकमेकांची लिपी मात्र शिकावी. त्या आजारानंतर आम्ही संध्याकाळचा चहा वर्तमानपत्र मिटून घेऊ लागलो. आणि आम्ही उन्हातून भाजी घेऊन आलो की सौभाग्यवती पिशवी घेताना हसून म्हणतात, "वाचले हो!"

हे ऐकावयास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली. आपणांस तेवढी लागू नयेत, या सदिच्छेने आम्ही आपली रजा घेतो.