साथीचा चित्रपट आणि दाराची कडी



हमाल आणि जिनिंग कामगार यांच्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने येथे उभे राहून चित्रपटावर बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. आमचे शालेय शिक्षण थोडे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि मोर्च्यांत झाले. पण चित्रपट पाहण्यास कोणी पदवी मागत नाही, आणि साथ आली म्हणजे मालक, मुकादम, सरकार आणि गडी यांच्यात काय घडते हे तर आम्ही २०२० साली डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा आज दोन चित्रपटांविषयी बोलणार आहोत. एक मराठी, १९७९ सालचा ‘२२ जून १८९७’. दुसरा हिंदी, २०२३ सालचा ‘भीड’. पहिला प्लेगाचा, दुसरा करोनाचा. दोहोंत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे, आणि तरी दोहोंच्या पाठीशी कायदा एकच आहे. तिथूनच सुरुवात करू.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. पुढच्या फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा केला, १८९७ चा तिसरा. हा कायदा एका पानात मावतो. त्याचे सार दोन गोष्टींत आहे. सरकारला वाटेल तो उपाय योजता येईल, ही एक; आणि त्या उपायांखाली सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावर दावा लावता येणार नाही, ही दुसरी. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्याने साथीचे नियम काढले ते याच कायद्याच्या आधाराने. इंग्रज जाऊन त्र्याहत्तरावे वर्ष चालू होते, कागद तोच होता. (डॉक्टर-परिचारिकांवर हल्ले होऊ लागले तेव्हा, एप्रिलात, त्यात काही कलमे घातली गेली. ती रास्तच होती.)

प्लेग म्हणजे काय हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. आमच्या आजीच्या बोलण्यात ‘गाव बाहेर निघाले’ हा शब्दप्रयोग असे. घरांना कुलपे लावून माणसे शेतात झोपड्या घालून राहत. शेगावच्या महाराजांच्या पोथीतला मुंडगावचा पुंडलिक आठवा, ज्याला वारीच्या वाटेवर काखेत गाठ आली. खामगावच्या माणसाला गाठ म्हटले की कापसाची आठवते. त्या पिढीला मात्र दुसरी आठवे.

पण गाव आपण होऊन बाहेर निघणे वेगळे आणि बंदुकीचा शिपाई घरात शिरून बाहेर काढणे वेगळे. पुण्यात दुसरे घडले. रँड नावाचा अधिकारी प्लेग समितीचा अध्यक्ष झाला आणि १८९७ च्या मार्चपासून गोरे सोजीर घरोघर झडती घेऊ लागले. नचिकेत आणि जयू पटवर्धन या दांपत्याने आपल्या चित्रपटात हेच दाखविले आहे. झडती, फेकलेले सामान, आजाऱ्याला नेणारे शिपाई, बाहेर थरथरत उभी असलेली माणसे. सदाशिव अमरापूरकर या चित्रपटात लोकमान्य टिळक झाले आहेत. पडद्यावरचे त्यांचे ते पहिले काम. आणि गोष्ट तर आपणां सर्वांना ठाऊकच आहे. गणेशखिंडीत राणीच्या राज्याच्या साठाव्या वर्षाचा समारंभ, परतणाऱ्या बग्ग्या, दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांच्या गोळ्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. सरकारने वीस हजारांचे बक्षीस लावले. द्रविड बंधूंनी माहिती दिली, १८९९ च्या फेब्रुवारीत त्यांचाही खून झाला, आणि तिघे चापेकर भाऊ व महादेव रानडे असे चौघे फासावर गेले.

या चित्रपटाचा मोठेपणा आम्हांस यात वाटतो की त्याने चापेकरांची आरती केलेली नाही. दामोदर हा सोवळ्याओवळ्याचा कडवा माणूस होता. सुधारकांवर त्याचा राग इंग्रजांइतकाच होता. हे त्याने तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तातच आहे. गोऱ्या शिपायाचा बूट देवघरात पडला हा त्याचा संताप आहे. खरा संताप आहे, आम्ही त्याला हसणार नाही. पण हा संताप ज्याला देवघर आहे, माजघर आहे, दाराला आतून कडी आहे, त्याचा आहे. ज्याच्या खोलीला दारच धड नव्हते, दहा बाय दहात दोन बिऱ्हाडे राहत होती, त्याला प्लेगात काय झाले?

चित्रपटाने ते दाखविले नाही म्हणून आमची तक्रार नाही. तो त्याचा विषय नव्हता. पण आम्ही कामगारांची माणसे, आमचे लक्ष तिकडेच जाते. त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे वारले, ज्यांच्या खटपटीमुळे १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. प्लेगग्रस्तांत काम करता करता त्यांना प्लेगाने गाठले. आणि महिन्याभराने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी पोराला पाठीवर घालून त्यांनी पुत्र यशवंताच्या दवाखान्यात आणले असे सांगतात. पोर वाचले, त्या गेल्या. दोघेही सत्यशोधक. रँड ज्या महिन्यांत पुण्याची दारे ठोठावत होता, त्याच महिन्यांतला हा इतिहास आहे.

आणि गिरणगावात? २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारभर गिरणी कामगार ऑर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. आपल्या माणसाला तिथे नेले की तो परत येत नाही, एवढे त्यांना ठाऊक होते. १८९८ च्या मार्चमध्ये मदनपुऱ्यात एका बारा वर्षांच्या मुलीला तपासायला प्लेगची तुकडी आली तेव्हा मुसलमान विणकरांनी वाट अडविली आणि गोळीबार झाला. म्हणजे घरात घुसण्याविरुद्धचा राग एकट्या पुण्याच्या वाड्यांचा नव्हता.

आता दुसरा चित्रपट. अनुभव सिन्हा यांचा ‘भीड’ काळा-पांढरा आहे, आणि ते बरे केले; भुकेला रंग लागत नाही. एका सीमेवर नाका आहे. टाळेबंदी आहे. बस, मोटारी, पायी आलेली माणसे, सगळी अडकून पडली आहेत, आणि पुढे जायची परवानगी नाही. नाक्यावरचा अधिकारी टीकास हा दलित तरुण आहे. आडनावाची अडचण नको म्हणून नावापुढे ‘सिंह’ लागलेले आहे. बसमधून आलेला बलराम त्रिवेदी हा शहरातला रखवालदार, जातीने ब्राह्मण. मुले उपाशी आहेत. शेजारच्या बसमधले मुसलमान अन्नाच्या पुड्या देऊ करतात तर हा घेत नाही, कारण साथ त्यांनीच पसरविली असे त्याने ऐकलेले आहे. मोटारीत बसलेल्या बाईची घाई वेगळीच. आणि समोर एक मॉल आहे, अन्नाने भरलेला, कुलूपबंद.

हे दृश्य पाहताना आम्हांस वाटले की दिग्दर्शकाने नेमकी जागा पकडली. साथीत सत्ता एकदम खालच्या माणसाच्या हातात येते. काल ज्याला कोणी विचारत नव्हते तो शिपाई आज ठरवितो कोण पुढे जाणार. ज्याने हुकूम काढला तो पडद्यावर कोठेच नाही. आणि समोरासमोर जे उभे ठाकतात ते दोघेही पगारी नोकर, एक पोलीस, एक रखवालदार. दोघांच्या मध्ये जात, धर्म, भूक. रँड निदान बग्गीत बसून समोरून तरी जात होता!

या चित्रपटाच्या जाहिरातीची चित्रफीत मध्यंतरी काही दिवस दिसेनाशी झाली होती आणि नंतर काटछाट होऊन आली. त्यावरून पुष्कळ चर्चा झाली. आम्ही एवढेच म्हणतो की टाळेबंदीच्या हालांची गोष्ट सांगणे तीन वर्षांनंतरही सोपे नव्हते.

पण आमचा एक आक्षेप दोन्ही चित्रपटांना लागू आहे. चापेकरांच्या हातात पिस्तूल येते, आणि त्रिवेदीही अखेर बंदूक हाती घेऊन मॉलकडे वळतो. साथीतला संघर्ष म्हटला की पडद्याला बंदूक लागते. एक चिडलेला माणूस, एक हत्यार. प्रेक्षक खुर्चीच्या टोकाला येतो. आम्ही तीस वर्षे संप केले, आम्हांस ठाऊक आहे की संपाचे बहुतेक दिवस पाहण्यासारखे काही नसतेच. माणसे झाडाखाली बसलेली असतात.

आता पाहा, १८९७ च्या हिवाळ्यात मुंबई ओस पडू लागली. लाखो माणसे कोकणात, घाटावर निघून गेली आणि गिरण्यांना हात मिळेनात. जे मागे राहिले त्यांनी काय केले? महिन्याच्या पगारावर काम नाही, रोजचा रोज पैसा द्या, असे म्हणाले. मालक तो पैसा आतापर्यंत हप्ते-हप्ते दाबून ठेवीत असत. नाक्यानाक्यावर गिरण्यांची माणसे उभी राहून कामगारांवर बोली लावू लागली. या गिरणीने इतके म्हटले की त्या गिरणीने त्याहून वर. गोळी सुटली नाही, कोणी फासावर गेले नाही. मरणाच्या भीतीत, संघटना नसताना, कामगाराने मालकाला रोज संध्याकाळी पैसे मोजायला लावले. हा संघर्ष नव्हे काय? पण या नाक्यावर कोणी कॅमेरा लावलेला आमच्या पाहण्यात नाही.

आणि २०२० साली? श्रमिक गाड्या १ मेपासून सुटू लागल्या. त्या कोणाच्या दयेने सुटल्या नाहीत. लाखो माणसे रस्त्याने चालू लागली म्हणून सुटल्या. तिकडे कर्नाटकात बांधकाम व्यावसायिक मुख्यमंत्र्यांना भेटले आणि सरकारने या गाड्या रद्दच केल्या, मजूर गेले तर कामे कोण करणार म्हणून. ओरड झाली तेव्हा दोनतीन दिवसांत निर्णय फिरला. एकशे तेवीस वर्षांपूर्वी मुंबईच्या मालकांना जी काळजी होती तीच ही. मजुराला आत ठेवायचे की बाहेर जाऊ द्यायचे, दाराची कडी कोणाच्या हाती, भांडण तेवढ्यावरच होते. रोगाचे जंतू त्यात निमित्तमात्र.

आमच्याच भागातली एक गोष्ट सांगतो. टाळेबंदी लागली तेव्हा जिनिंगचा हंगाम सरत आला होता. एका जिनिंगमध्ये मेळघाटाकडचे आणि मध्य प्रदेशातले गडी अडकले. पासासाठी नावांची यादी हवी म्हणून आम्ही मुकादमाची वही मागितली. वहीत लिहिले होते: ‘गडी १४’. नाव एकाचेही नव्हते. मग सरकीच्या ढिगाशेजारी बसून आम्ही एकेकाला नाव, बापाचे नाव, गाव विचारीत दुपार काढली. एक म्हातारा गडी म्हणाला, इथे सहा हंगाम झाले, नाव पहिल्यांदाच विचारले.

परप्रांतीय मजुरांची नोंद ठेवावी, येण्याजाण्याचे भाडे द्यावे, असा कायदा होता बरे का! तो १९७९ चा. पटवर्धनांचा चित्रपट आला त्याच वर्षीचा. २०२० साली तो अमलात होता. तसाच केंद्रीय गृहखात्याचा २९ मार्चचा हुकूम होता की टाळेबंदीत कोणाचा पगार कापू नये. तो सात आठवड्यांनी मागे घेतला गेला. १८९७ चा कागद मात्र टिकला.

‘भीड’ची सुरुवात रुळांवर झोपलेल्या मजुरांनी होते. ते कोठले, हे या जिल्ह्यातल्या श्रोत्यांना सांगण्याची जरूर नाही. आमच्या देऊळगाव राजाहून जालना तासाभराच्या आत. तिथल्या पोलाद कारखान्यात काम करणारे, उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतले वीस जण रात्री रुळांच्या वाटेने निघाले. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने करमाडजवळ पडले, आणि ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकरी साऱ्या देशाने वर्तमानपत्रांत पाहिल्या.

वाचलेल्यांनी नंतर सांगितले की त्यांनी आठवडाभर आधी पासासाठी अर्ज केले होते आणि उत्तर आले नव्हते. आमच्या हाती कॅमेरा असता तर आम्ही चित्रपट त्या आठवड्यापासून सुरू केला असता. कारखाना बंद, खोलीत वीस माणसे, एकाच्या हातात मोबाइल, आणि बाकीचे रोज सकाळी त्याला विचारताहेत, आले का रे काही?