पेला कोणाच्या हातचा?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ताच आपण पंचशील घेतले. पाचव्या शीलाला आपला आवाज जरा खाली जातो, हे आम्ही इतक्या वर्षांत पाहिले आहे. म्हणून आज त्यावरच बोलतो.

बाहेर कोणी ना कोणी म्हणतोच, "काय बाप्पा, दारू तर जुन्या काळापासून चालत आली. राजे पीत, देव पीत. मंग आमच्याच पव्व्यावर डोळा कायले?" प्रश्न टाळायचा नाही. जुना काळ पाहूच.

सुमारे 2,700 वर्षांपूर्वीची ग्रीकांची दोन महाकाव्ये आहेत, इलियड आणि ओडिसी. त्यांत द्राक्षाची दारू जागोजाग येते. आधी देवांच्या नावाने थोडी जमिनीवर सांडायची, मग प्यायची. आपल्याकडे गोंड बांधवही मोहाची दारू आधी देवाला, पूर्वजांना देतात. पण ग्रीक लोक निखळ दारू पीत नसत. मोठ्या भांड्यात पाणी मिसळून मगच बैठकीत वाटत. ओडिसीतली एक दारू इतकी कडक, की एका पेल्याला वीस मापे पाणी लागे. एकडोळ्या राक्षसाने ती तशीच प्याली आणि झोपेत डोळा गमावला. एल्पेनोर नावाचा तरुण पिऊन छतावर झोपला, पडला आणि मान मोडून मेला. इलियडमधला वीर हेक्टर तर आईने देऊ केलेली दारूही नाकारतो. बळ जाईल म्हणतो.

म्हणजे पिणाऱ्यांनीही दारूला कुंपण घातले होते, आणि ते साऱ्या बैठकीचे होते. आपण जुन्यांचे पिणे उचलले, कुंपण तिथेच टाकले. भट्टीवर उभ्या-उभ्या पव्वा रिचवायचा. ना जेवण, ना थांबवणारे कोणी.

पण कुंपणही पुरत नाही. विनयपिटकातली सागत भिक्खूंची गोष्ट ऐका. त्यांनी भयंकर नागाला नमवले होते. कोसंबीच्या लोकांनी कौतुकाने घरोघरी त्यांना दारू दिली. नगराच्या वेशीत ते कोसळले. भगवंतांनी विचारले, आता हा साध्या पाणसापाला तरी नमवील काय? तेव्हापासून भिक्खूंना मद्य वर्ज्य झाले. लक्षात घ्या, सागतांना कोणी शत्रूने पाजले नाही. पाजले ते मानणाऱ्या माणसांनी.

आपलेही तेच आहे. हळदीच्या रात्री "पोट्ट्यांचे पाहून घ्या" म्हणून नोटा कोण देतो? आम्हीही दिल्या आहेत, खोटे कशाला बोलावे! 14 एप्रिलच्या मिरवणुकीत झुलणारी पोरे आपलीच असतात. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून आणलेली मजुरी रात्री मागून नेली जाते, तेव्हा शेजारी आपणच असतो आणि दार लावून घेतो.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. शेजारच्या गडचिरोलीत लोकांनी लढून 1993 मध्ये दारूबंदी आणली. कायद्याने भट्टी बंद होते. पाजणारा हात आपला आपणच आवरावा लागतो.

म्हणून आज एवढेच ठरवू. जयंतीच्या वर्गणीतला एक रुपयाही बाटलीत जाणार नाही, आणि हळदीत पोरांना आपल्या हातचा पेला मिळणार नाही. मग पुढच्या वर्धापनदिनी पाचवे शील मोठ्याने म्हणू.

जयभीम! नमो बुद्धाय!